आठचे बारा

लेक पुन्हा घरी निघाली. म्हणजे गेममधल्या घरी. डोंगर उतरून, पूल ओलांडून, दोन गावं मागे टाकून. वाटेत पडद्यावरच्या तिच्या चिमुकल्या लढवय्या मुलीला जंगलातल्या कसल्याशा केसाळ प्राण्याने लोळवलं, तरी पोरीने वाट सोडली नाही.

आई शेजारच्याच खुर्चीवर होती. एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावर ती दर आठवड्याला एका गेमचं परीक्षण लिहायची. मजकुराखाली एक चौकट असे आणि चौकटीत एकच आकडा: कोणत्या वयापासून हा गेम मुलांच्या हाती द्यावा. तिची कामाची रीत ठरलेली होती. गेम आधी लेकीला द्यायचा आणि आपण बाजूला बसून बघायचं. घरचा नियमही ठरलेला होता. चौकटीत जो आकडा छापला जाईल, तोच या घराला लागू. लेक नऊ वर्षांची होती, आणि या नियमापायी याआधी दोन गेम तिने मुकाट्याने परत केले होते.

या गेममध्ये अडण्यासारखं काही नव्हतं. रक्त नाही, शिव्या नाहीत. हरलेले राक्षस जांभई देऊन झोपी जात. आईने सकाळीच 'आठ' टाकून मजकूर पाठवून दिला होता.

"एवढं लांब कशाला जातेस गं?" तिने विचारलं. "त्या गावातच मुक्कामाची सोय होती की. तिथेही जीव भरून मिळतो."

"मिळतो."

"मग?"

"तिथे नुसतं झोपवतात. घरी ती विचारते."

पडद्यावर दार उघडलं. ॲप्रन बांधलेली, अंगठ्याएवढी एक बाई बाहेर आली, त्या लढवय्या मुलीची आई. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली: 'आलीस? दमली असशील. आज कुठे कुठे गेलीस?' खाली दोन उत्तरं होती, 'सांगते' आणि 'नंतर'. लेकीने 'नंतर' दाबलं.

'बरं,' बाई म्हणाली. 'मी इथेच आहे.'

लेक गालातल्या गालात हसली. ते हसू आईच्या ओळखीचं होतं. बालवाडीच्या फाटकाशी ते रोज तिच्या वाट्याला यायचं. पुढे कधी बंद झालं, ते तिला आठवेना.

"मीही विचारते की," ती म्हणाली.

"तू गृहपाठ विचारतेस."

"जेवलीस का, हेही विचारते."

"हो. पण लॅपटॉपकडे बघून."

पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान समजूत तरी घालता आली असती.

"तिचं काय जातंय विचारायला? दिवसभर दारात उभं राहायचं, एवढंच तर काम. आणि बोलायला चार वाक्यं."

"पाच," लेक म्हणाली. तिने मनातल्या मनात मोजून खात्री केली होती.

फोन वाजला. आई तो घेऊन स्वयंपाकघरात गेली. पलीकडे उपसंपादक होता.

"ताई, पान छपाईला सोडतोय. तुमचं सगळं नीट आहे ना?"

"आकडा बदला. बारा करा."

"आठचे बारा? पुढे मारामारी निघाली की काय?"

"नाही."

"रक्तबिक्त?"

"नाही हो."

"मग एका ओळीत कारण द्या. उद्या पालक मला फोन करतील."

ओट्यावरचं फडकं उचलून तिने स्वच्छच असलेला ओटा पुसला. "लिहा. आईचं पात्र वास्तवाला धरून नाही. मुलांच्या भलत्या अपेक्षा वाढू शकतात."



"आणि जांभया देणारे राक्षस धरून आहेत?"

"तुम्ही लिहा हो."

"लिहितो. खाली नाव तुमचं आहे, माझं काय."

फोन ठेवला. आजवर तिने एकही आकडा रागाच्या भरात टाकला नव्हता. हाही रागाच्या भरात टाकलेला नव्हता. राग कसा असतो, हे तिला ठाऊक होतं.

वळून बघते तो लेक दारात उभी.

"बारा?"

"हो."

"म्हणजे मला नाही."

"नियम तुला माहीत आहे."

"माहीत आहे." पोर रडली नाही, भांडली नाही. नियमाच्या बाबतीत ती आईवर गेली होती. गेम तिने दोन्ही हातांत धरला होता. "मग तिला सांगून टाकू?"

"कोणाला?"

"तिला. मी येणार नाही म्हणून. उगाच वाट बघत बसेल."

"अगं, ते चित्र आहे."

"हो, माहितीये मला."

लेकीने बटण दाबलं. ॲप्रनवाली बाई पुन्हा बोलती झाली: 'आलीस? दमली असशील. आज कुठे कुठे गेलीस?' खाली तीच दोन उत्तरं. पोरीने दोन्ही वाचली. तिसरं कुठे दिसतंय का, म्हणून बटण खाली-वर करून पाहिलं. मग तिने गेम आईपुढे धरला.

"तूच सांग. तू ठरवलंयस."

आईने तो घेतला. तिचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच राहिला. पडद्यावरची बाई मान किंचित कलती करून उभी होती.

"सावकाश सांग," लेक म्हणाली. "ती रागवत नाही."