काचेजवळचं टेबल

सव्वाअकरा वाजून गेले तरी मेकॅनिकचं लक्ष लिफ्टकडे नव्हतं. इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो उघड्या पॅनलसमोर मांडी घालून बसला होता. एका हातात पाना, दुसऱ्यात मोबाइल. दर अर्ध्या मिनिटाला तो अंगठ्याने पडदा खाली ओढायचा आणि दर वेळी तेच वाक्य यायचं. उद्यासाठी जागा शिल्लक नाही.

उद्याचा रविवार त्याचा होता. महिन्यातला एक रविवार लेक त्याच्याकडे, असं कोर्टाने ठरवून दिलं होतं. पण हा शेवटचा. परवा तिची आई तिला घेऊन दुसऱ्या देशात नोकरीला चालली होती. जाण्याआधी लेकीने एकच गोष्ट मागितली होती. शहराबाहेरच्या थीम पार्कमध्ये एक हॉटेल होतं, त्याच्या भिंती म्हणजे माशांच्या मोठाल्या टाक्या. तिथे काचेला नाक लावून बाबाबरोबर जेवायचं.

तिथलं बुकिंग साठ दिवस आधी सकाळी सहाला उघडायचं आणि पाच मिनिटांत संपायचं. मेकॅनिकने जन्मात पहिल्यांदा आधीपासून तयारी केली होती. कॅलेंडरवर बोट ठेवून साठ दिवस मोजले, गजर लावला, एवढंच काय, पहाटे पाचला उठून अंघोळही केली. मोजताना मात्र त्याने तो जेवणाचा रविवारही धरला आणि एका दिवसाने चुकला. बुकिंग आदल्या दिवशीच उघडून संपलं होतं. ओल्या केसांनी तो कितीतरी वेळ पलंगावर बसून राहिला. स्वतःचा इतका राग त्याला कधी आला नव्हता.

त्याचं सगळं आयुष्यच ऐन वेळचं. लिफ्ट बंद पडली की लोकांना त्याची आठवण यायची, आणि तोही तसाच होऊन गेला होता. लेकीची आई याच्या अगदी उलट. दवाखान्यात ऑपरेशनांच्या वेळा लावणं हे तिचं काम, आणि संसारही तिने तसाच चालवला. आधी काम उरकायचं, मग सांगायचं, ही तिची रीत. याच्याबरोबर गेलं की कुठल्याच सिनेमाची सुरुवात बघायला मिळत नाही, असं ती पूर्वी हसून सांगायची. पुढे पुढे हसणं राहिलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी, बुकिंग उघडायच्या आदल्या आठवड्यात, तो लेकीला सोडायला गेला तेव्हा तिच्या आईने दारातच विचारलं होतं, "माशांच्या हॉटेलचं लक्षात आहे ना?"

"बघतो," तो म्हणाला.

"एक वाजता जेवते ती. उशीर झाला की पेंगते."

"माझी मुलगी आहे. माहीत आहे मला."

ही आपली परीक्षा घेतेय, असं त्याला वाटलं, आणि नापास झाल्याचं त्याने तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. लेकीला तर नाहीच. ती मात्र फोनवर दर वेळी म्हणायची, "बाबा, आपल्याला टेबल मिळणारच आहे," आणि खुदकन हसायची. एवढा विश्वास ऐकून तो घाईने विषय बदलायचा.

आता आशा उरली होती ती एकाच नियमावर. आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत टेबल सोडलं, तरच पैसे परत मिळायचे. म्हणजे ज्यांचा बेत फिसकटला ते बारापर्यंत सोडणार. मेकॅनिक सकाळी सातपासून त्यांचीच वाट बघत होता.

त्याच्याबरोबर काम करणारा वायरमन जिने चढून धापा टाकत वर आला. खाली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळली होती आणि सेक्रेटरी दोनदा ओरडून गेला होता. वायरमनने मेकॅनिकच्या मोबाइलकडे पाहिलं आणि तो शेजारी टेकला.

"पोरीला बाकावर बसवून पाव दिलास तरी खाईल ती. तिला तू हवायस रे, मासे नकोत."

"तिला दिलेला एकही शब्द पाळला नाही मी आजवर," मेकॅनिक म्हणाला. "परवा ती जाणार. मग माझं म्हणून तिच्याजवळ काय राहील?"

वायरमनने त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि स्वतःच पॅनलमध्ये डोकं घातलं.

साडेअकरा झाले. एकदा रात्री नऊचं, सहा जणांचं टेबल दिसलं आणि हात पोचायच्या आत गेलं. उद्या काय सांगायचं याची जुळवाजुळव तो करू लागला. हॉटेल दुरुस्तीसाठी बंद आहे म्हणावं. लेक मान डोलावेल, काही बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. तशातच त्याने पुन्हा पडदा ओढला.

दोन माणसं. दुपारी एक. काचेजवळ.

ग्रीसने माखलेला अंगठा पडद्याला कळेना. त्याने तो शर्टाला खसाखसा पुसला आणि पुन्हा दाबला. हिरवी खूण आली, खाली वेळ आली. अकरा एक्केचाळीस.

मेकॅनिक लहान मुलासारखा हसला. कोणाचा बेत मोडला कोण जाणे, पण देव त्याचं भलं करो, असं तो वायरमनला म्हणाला. वायरमनने बटण दाबलं, दोर हलले, लिफ्ट खाली निघाली. निदान एकदा तरी लेकीच्या आईला आधी कळवावं म्हणून त्याने मोबाइल उचलला, तर तिचाच मेसेज येऊन पडला होता.

"पिल्लूला पहाटेपासून ताप आहे. उद्या पूर्ण दिवस झोपवून ठेवा, तरच परवाचा प्रवास झेपेल, असं डॉक्टर म्हणाले. तू घरीच येऊन भेट तिला. तुला जमायचं नाही हे ओळखून तुम्हा दोघांचं दुपारी एकचं टेबल मी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं, काचेजवळचं. ती तुला उद्या गंमत म्हणून सांगणार होती. बाराच्या आत सोडावं लागतं, म्हणून अकरा चाळीसला सोडलं."