अठ्ठावीस वर्षांचा आवाज

दुपारची जेवणे आटोपली की नंदाताई फोन घेऊन गॅलरीत बसत आणि पाऊण तास हसतखिदळत बोलत. पलीकडे त्यांचे पती हेरंबरावच असत. पण अठ्ठावीस वर्षांचे. साठवलेल्या कॉल-रेकॉर्डिंगमधून क्लाउड आता त्या-त्या वयाचा माणूस बोलता करीत असे. लग्नानंतर हेरंबरावांनी बदलीच्या गावाहून केलेले सारे फोन तिथे जपलेले होते.

"मी घरातच असतो की," हेरंबराव एकदा धुसफुसले.

"असता हो. पण तो मला प्रश्न विचारतो. तुम्ही सूचना देता."

हे त्यांच्या जिव्हारी लागले. आधी सर्व वाटा बंद करायच्या आणि मग गरजेच्या तेवढ्याच उघडायच्या, ही तंत्रनिकेतनात अंगी बाणलेली शिस्त. त्यानुसार त्यांनी मंगळवारी घरच्या इंटरनेटवर पहारा देणारी फायरवॉल नव्याने बांधली. त्या तरुणासाठी एकही वाट उघडली नाही. नंदाताईंच्या फोनमध्ये त्याची प्रत उरली होती, तीही अँटिव्हायरसकडून विषाणू ठरवून पुसून टाकली.

बुधवारी नंदाताई गॅलरीत मुक्या फोनकडे पाहत बसल्या होत्या. हेरंबराव विजयी पावलांनी गेले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

"कंटाळलीस का गं?" त्यांनी विचारले.

"थोडीशी," नंदाताई म्हणाल्या. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत त्या त्यांच्याकडे वळल्या.

हेरंबरावांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. त्या तरुणाने आता काय विचारले असते, ते त्यांना काही केल्या आठवेना.