वाटाण्याचा डबा

बायकोने जमवलेल्या वाळवलेल्या भाज्यांच्या सीलबंद डब्यांची टेलरमास्तर कायम टर उडवायचे.

"अहो, अडीनडीला लागतील. एकदा चव तरी बघा!"

"त्यापेक्षा उपाशी राहीन."

मग ती एकटीच चाखायची. यंदा ती गेली.

पुराने रस्ते बंद झाले आणि घरातलं सगळं संपलं, तेव्हा मास्तरांनी मुकाट्याने वाटाण्याचा डबा काढला. सील शाबूत होतं, पण हलवल्यावर आत काही खुळखुळेना.

"चुकलंच माझं," तिच्या खुर्चीकडे बघत ते पुटपुटले आणि त्यांनी झाकण कापलं.

वाटाणे भिजून टपोरे झाले होते. निम्मे कुणीतरी खाल्ले होते. उरलेल्यांत चमचा रोवलेला होता.

मास्तरांनी तो उचलला. दांडी अजून कोमट होती, आत्ताच कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखी.