पेज सांडली म्हन

“नाव काय घालू, बाय?”

घोडेगावच्या बाजारात गोंदणारीनं विचारलं होतं, सुयांची जुडी काजळात बुडवून. कोवळ्या सोनीबाईनं नाव सांगितलं, हात पुढं केला. टोचता टोचता ती बाई गुणगुणत राहिली,

सुई टोचते बारीक, डोळां नको आणू पाणी
नाव राहील गं हिरवं, तुझ्या कातड्याच्या रानी.

त्याला आता जन्म उलटला. तोच आवाज आज मंचरच्या दवाखान्यात, पंख्याच्या घरघरीतून, पुन्हा कानाशी आला. सोनीबाईनं डाव्या हातावर पदर ओढून घेतला.

त्या हाताच्या अंगठ्याला वरचं पेर नव्हतं. नखाखाली काळी रेघ उमटली, उखळाचा मार असेल म्हणून घरच्यांनी वर्षभर हळद लावली, आणि निघाला कातडीचा कॅन्सर, तोही क्वचित कुणाला होणारा. पुण्यात पेर काढताना अंगठ्याशी निळा रंग टोचला होता. तो वाहत जाऊन काखेतल्या ज्या गाठीत आधी शिरला, तीच गाठ काढून तपासायला धाडली. रोग अंगठ्यातून पुढं निघाला असेल तर त्याचा पहिला मुक्काम तिथंच, असं डॉक्टर आरतींनी समजावलं होतं. सगळं त्या गाठीवर होतं. आणि गाठ निळ्याखाली, नखातल्या रेघेसारखीच, काळीकुट्ट निघाली होती.

तेव्हापासून गावी, आहुप्याच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सून न मागता भातावर दूध वाढायची. सोनीबाई ते ताट तसंच बाजूला सारायची.

डॉक्टर आरतींनी रिपोर्ट खालपर्यंत वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“आजी, गाठीत कॅन्सर सापडलेला नाही.”

तिचा मुलगा चांगदेव खुर्चीतून अर्धा उठला. “म्हंजी सुटली का आय?”

“थांबा. गाठ काळी का, ते कळायला हवं. तपासणाऱ्यांना आत शाईसारखी बारीक पूड दिसली. गोंदणाचा रंग कातडीतून झिरपत काखेतल्या गाठीत जाऊन बसतो कधीकधी. या हातावर काही गोंदलं होतं का?”

“न्हाई, मॅडम. कपाळावर हाय तेवढंच. हितं भाजल्यालं हाय तिला. पेज सांडली व्हती, मी व्हायच्या आदुगर.”

डॉक्टरांनी पदर बाजूला केला. मनगटाच्या वर कातडी चकचकीत, आवळून आलेली. “गोंदण नसेल तर मला गप्प बसता येणार नाही. सगळं परत तपासायला पाठवावं लागेल. कदाचित काखेतल्या उरलेल्या गाठी काढाव्या लागतील. मग हात सुजतो, जड होतो. भातलावणी विसरायची.”

“आता ती कशाला खोटं सांगंल?”

*पेज सांडली म्हन.* हा दुसरा आवाज, तिच्या आईचा. पाटाच्या आदल्या दिवशी, विधवा लेकीला दुसऱ्या घरी धाडताना, आईनं त्या अक्षरांवर बिब्ब्याचं तेल चोळलं होतं. तोंडात पदराचा बोळा दिला होता. फोड आले, खपली धरली, अक्षरं गेली.

सोनीबाईनं मान वर केली. “बाई, ते आत कवा गेलं आसंल?”

“गोंदल्यावर लगेच जायला लागतं.”

“म्हंजी जाळायच्या आदुगर?”

डॉक्टरांची नजर त्या डागावर गेली. मग हळूच म्हणाल्या, “हो.”

चांगदेवला उलगडा झाला, तसा तो हसलाच. “आगं आये! पहिल्या दाल्ल्याचं नाव व्हतं व्हय? आन् यवढ्यासाठी आमाला पेज पाजली जलमभर? बा काय सरगातून उठून यायचा न्हाई आता भांडायला. सांगून टाक की मॅडमला.”

ती हसली नाही. तिनं डॉक्टरांनाच विचारलं, “मंग ती जळली न्हाईच.”

“कोण जळली न्हाई?” चांगदेव म्हणाला.

“ती गाठ मला मिळंल का, बाई?”

“ती लॅबमध्ये असते, आजी. मेणात घालून ठेवतात. वर्षानुवर्षं.”

“मेणात.” सोनीबाई पुढं वाकली. “गारठ्यात न्हाई ना?”

“आये, येड लागलं का तुला? गाठ घिऊन काय करनार?”

उजव्या हाताचं बोट तिनं त्या डागावर ठेवलं आणि सावकाश फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. पण ती वळणं बोटाला ठाऊक होती. कुठं टेकायचं, कुठून खाली उतरायचं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चांगदेवचं हसू ओठांवरच राहिलं होतं, त्याला ते आवरायचं सुचेना.

“ठकू,” ती म्हणाली.

पंखा घरघरत होता.

“तुजी थोरली भन. पाटाच्या बायकूसंगं पोर येत न्हाई, पहिल्या सासरीच ठिवावी लागती. म्होरल्या लावणीत सांगावा आला, तापानं गेली म्हनून. चिखलात उभी व्हते, तशीच लावीत ऱ्हायले.”

तिनं पदरानं डाग पुन्हा झाकला, झोपलेल्यावर पांघरूण घालावं तसा.

“नुकती पाय टाकाया लागली व्हती, चांगदेवा. मी निघाले तवा बांधापस्तोर माज्यामागं चालत आली.”