आयची कॅसेट

साबीरच्या आयनं पत्राऐवजी आवाज भरून दापोलीहून कुवेतला पाठवलेली ती एकच कॅसेट. आय गेल्यापासून टेप तुटेल या भीतीनं त्यानं ती लावलीच नव्हती. पण आजीच्या आवाजाचं गाणं करायचं म्हणून पोरगी ताहिरा हट्टालाच पेटली. "अब्बा, सुरुवातीचे हिपहॉपवाले असंच करायचे. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलायचा आणि फिरवत राहायचा."

कॅसेट फिरायला लागली आणि आयचा आवाज आला. "किरकेट खेलतोस ना? जपून धाव रे साबू..." आणि खाट्कन टेप तुटली. साबीर मटकन खाली बसला. "गेली माझी आय!"

"तेवढं मोबाइलवर रेकॉर्ड झालंय, अब्बा."

शुक्रवारी कुवेतमधल्या शुऐबाच्या मैदानात शेवटच्या बॉलला दोन रन हवे होते आणि खेळायला साबीर. ताहिरानं स्पीकरवर तोच तुकडा ठेक्यात सोडला. अर्थ कळो न कळो, पठाण, बंगाली, मल्याळी, दोन्ही टीमा ओरडायला लागल्या, "जपून धाव रे साबू!"

दुसऱ्या रनला साबीर अर्ध्यात थांबला. रनआउट!

"गाढवा, थांबलास कशाला?" कप्तान खेकसला.

साबीर डोळे पुसत म्हणाला, "आय एवढ्या तोंडांनी 'जपून' म्हणून ओरडली. कसा धावू?"