अण्णांचं अक्षर

बारीक स्क्रूड्रायव्हर. अर्धी खाल्लेली कचोरी. पन्हाळ्याच्या चढणीवरची रविवारची शर्यत. अण्णांची दुपारची झोप, फार तर पाऊण तास.

तेवढ्या वेळात केतकीला अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या टर्बो गाडीचा बूस्ट वाढवायचा होता. इंजिनात हवा किती दाबाने कोंबायची, ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. आणि त्याला हात लावलास तर शर्यतीला किल्ली मिळणार नाही, असं अण्णांनी बजावलं होतं. "कंपनीची माणसं काय खुळी आहेत व्हय? त्यांनी बूस्ट आठ म्हटलं की आठ!"

तिने कॉम्प्युटरची पत्र्याची डबी उघडली. आतल्या चिपवर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर अण्णांचं वळणदार अक्षर: '॥ श्री ॥ बूस्ट बारा. २ मार्च १९९८.'

"बघितलंस वाटतं." दारात अण्णा उभे होते, लुंगी सावरत, चोरी पकडली गेल्यासारखे.

"अण्णा, तुम्ही? मग मलाच का नको म्हणत होता?"

"ती डबी उघडशील म्हणून!" ते ओशाळं हसले. "तेव्हा आपण साखरप्याला राहायचो. तुझ्या आईला नववा लागलेला. दवाखाना कोल्हापुरात, मध्ये आख्खा आंबा घाट. कंपनीला काय ठाऊक?"

त्यांनी लुंगीच्या गाठीतून किल्ली काढली आणि तिच्या ग्रीस लागलेल्या तळहातावर ठेवली. "बाराच ठेव. तेरा केलंस तर गॅस्केट फाटून इंजिन बसेल."

केतकीचा जन्म ११ मार्च १९९८ ला झाला, गाडी दवाखान्याच्या दारात थांबल्यावर सहा मिनिटांनी.