मालकांच्या कपाळावरचं ऱ्होडियम

"वहिनी, थांबा! ते कुंकू नाही!"

गुरुदत्त ओरडला खरा, पण तोवर मालकीणबाई कुमुदिनीबाईंचं बोट मालकांच्या कपाळावर टेकलं होतं. बाईंनी सवयीने टिळा नीट गोल केला आणि मग मागे वळून पाहिलं. आरतीसाठी जमलेला सगळा कारखाना गुरुदत्तकडे बघत होता, आणि प्रत्येकाच्या कपाळावर तोच लालभडक टिळा होता. कपाळं संपली म्हणून की काय, बॉयलरलाही होता.

चूक बाईंची नव्हती. खंडेनवमीला ज्याने त्याने आपलं हत्यार देवीपुढे मांडायचं, हा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्याचा रिवाज. फिटर कान्हाने पाने ठेवले होते, वॉचमन बारकूने दंडुका. गुरुदत्त लॅबमधला एकुलता एक केमिस्ट. काचेची नळी मांडायची त्याला लाज वाटली. म्हणून त्याने कपाटातून ऱ्होडियम कार्बोनिल क्लोराइड काढलं. ऱ्होडियम म्हणजे राजधातू, सोन्या-प्लॅटिनमच्या भावकीतला. त्याचा तो लाल क्षार तपकिरी बाटलीतून देवीला दिसणार नाही, असं वाटून या शहाण्याने अख्खा साठा वाटीत ओतला आणि हळदीच्या शेजारी ठेवला. बाई नेमक्या त्या दिवशी कुंकवाचा करंडा घरी विसरल्या होत्या. चष्माही.

"कुणीही कपाळ पुसू नका!" गुरुदत्त रडकुंडीला आला होता. "घाम आला तरी पुसू नका!"

"सायेब, कातडी जाईल का आमची?" बारकूने विचारलं.

"कातडी राहील रे. माझी लॅब जाईल!"

ते मात्र खरं होतं. मालक विष्णुपंतांनी त्याला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. त्या लाल क्षारात डायीन नावाचं तेल घातलं, की बुडबुडे सुटून सगळं पिवळं व्हायला हवं. त्या पिवळ्या मालाला औषध कंपनीकडून मागणी होती. जर्मनांच्या पुस्तकात ते होत होतं. अंबरनाथमध्ये होत नव्हतं. गुरुदत्तने तापवून पाहिलं, बर्फात ठेवून पाहिलं, शेवटी नारळही फोडून पाहिला. लाल ते लालच. "उद्या पिवळं दिसलं नाही तर लॅबला कुलूप, आणि तुम्ही गोडाऊनला ड्रमांवर चिठ्ठ्या चिकटवायला," विष्णुपंतांनी सकाळीच बजावलं होतं. गोडाऊनमध्येही पगार तोच मिळणार होता. पण गुरुदत्तचा जीव त्या लॅबमध्ये होता. बदलापूरच्या घरी बायको मीनलशी बोलला नसेल इतका तो त्या काचेच्या भांड्यांशी बोलायचा, आणि तिथून उठावं लागणार या विचाराने गेले कित्येक दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

आता प्रयोगाला उरलेलं ऱ्होडियमही लोकांच्या कपाळावर गेलं होतं. ते टिपून परत मिळवायचं, एवढंच त्याला सुचलं. तो धावत लॅबमध्ये गेला, कापूस घेतला, स्पिरिटची बाटली उचलली आणि तसाच परत आला. मालक म्हणून पहिला मान विष्णुपंतांचा. त्याने ओला बोळा त्यांच्या टिळ्यावर दाबला.

असा काही वास सुटला की देवीपुढची उदबत्ती लाजली. माणसं नाकं धरून मागे सरली. घाईत गुरुदत्तने स्पिरिटऐवजी डायीनची बाटली आणली होती.

"हे काय फासलंत मला? गटारातलं पाणी?" विष्णुपंत कडाडले. रागाने त्यांचं कपाळ तापलं, घाम फुटला, शीर फुगली. आणि टिळा फसफसला. बारीक बुडबुडे आले. लाल रंग आधी नारिंगी झाला, मग स्वच्छ पिवळा.

"अगं बाई, कुंकवाची हळद झाली!" कुमुदिनीबाईंनी भिऊन हात जोडले.

गुरुदत्तच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, मालकांच्या भुवयांच्या मधोमध. त्याने लगेच कान्हाच्या टिळ्यावर बोळा लावला. लाल. बारकूच्या लावला. लाल. बॉयलर तर चांगला गरम होता, तोही लालच राहिला. वाटीच्या तळाशी उरलेली चिमूट त्याने पुन्हा विष्णुपंतांच्या कपाळाला लावली, वर डायीन टेकवलं.

"अहो, माणूस आहे की भिंत आहे मी?" ते गरजले.

पिवळं.

गुरुदत्तने बाईंच्या पर्समधला आरसा मागून घेतला आणि मालकांसमोर धरला. विष्णुपंत बराच वेळ बघत राहिले. हळूहळू त्यांचा राग उतरला आणि आतला व्यापारी जागा झाला.

"झालं म्हणायचं तर," ते घसा साफ करत म्हणाले. "लॅब राहू द्या. पण गुरुदत्त, हे टिकलीएवढं झालं. कंपनीला निदान वाटीभर लागणार. त्याला एवढी जागा आणायची कुठून?"

मालकांपुढे उभं राहिलं की गुरुदत्तची नजर कायम त्यांच्या शर्टाच्या बटणांवर असायची. आज ती पहिल्यांदाच वर गेली. पिवळ्या टिळ्यावरून ती पूजेच्या काळ्या टोपीपर्यंत पोचली, टोपीला वळसा घालून मागे गेली. तिथे मानेपर्यंत एक केस नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "टोपी काढा."